रहस्यकथांची मुंबई : न पाहिलेल्या शहरातला इन्स्पेक्टर

गेल्या आठवड्यात आपण रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांपाशी थांबलो होतो. आज भेटायचं ते अगदी उलट टोकाच्या माणसाला. अर्नाळकरांची हयात मुंबईत गेली. या गृहस्थांनी मात्र मुंबईच्या पोलिसावर आठ-नऊ कादंबऱ्या लिहिल्या, तरी मुंबईत पाऊल टाकलं नव्हतं.

एच. आर. एफ. कीटिंग. जन्म १९२६चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा, नोकरी वर्तमानपत्रात. १९५९पासून त्यांच्या रहस्यकादंबऱ्या येऊ लागल्या, पण अमेरिकेतले प्रकाशक त्यांना हात लावीनात. फारच इंग्रजी वळणाच्या, ही तक्रार. तेव्हा कथानक परमुलखात न्यायचं ठरलं आणि मुंबई निवडली गेली. भारतप्रेम वगैरे काही नाही. गिऱ्हाईक हवं होतं.

नायकाचं आडनाव आधी घोष होतं. हे बंगाली झालं, मुंबईत शोभायचं नाही, असं कुणीतरी लक्षात आणून दिलं आणि घोषचा घोटे झाला. गणेश घोटे. बायको मात्र प्रोतिमाच राहिली.

पहिली कादंबरी ‘द परफेक्ट मर्डर’, १९६४ची. परफेक्ट हे एका पारशी चिटणिसाचं आडनाव. त्याच्या डोक्यात घाव बसलाय, पण गडी अजून जिवंत आहे. वर्तमानपत्रं मात्र ‘खून’ म्हणून मोकळी. त्यातच घोटेच्या गळ्यात दुसरं प्रकरण पडतं. मंत्रिमहोदयांच्या टेबलावरून एक रुपया चोरीला गेलाय. एकच रुपया! मंत्र्यांचं खातं कोणतं, तर पोलीस आणि कला. ज्याने कधी सरकारी कचेरीत खेटे घातलेत, तो इथे हसतो आणि लेखकाला मुंबई कळली म्हणून सोडून देतो. या पुस्तकाला ब्रिटनच्या रहस्यकथाकारांच्या संघटनेचा ‘गोल्ड डॅगर’ पुरस्कार मिळाला.

मला गंमत वाटते ती वेगळीच. मुंबईचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेल्या अर्नाळकरांनी झुंजार उभा केला: श्रीमंत, देखणा, पोलिसांच्या हातावर तुरी देणारा. नकाशे आणि पुस्तकं चाळून मुंबई रचणाऱ्या कीटिंगनी उभा केला तो वरिष्ठांना वचकून असणारा, पगारात भागवणारा, चारचौघांत गप्प बसणारा कारकुनी वळणाचा फौजदार. म्हणजे खरी मुंबई लांबच्याला दिसली? मला नाही तसं वाटत. दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन बोरिवली लोकलला लोंबकळत घरी जाणाऱ्याला पुस्तकात पुन्हा साहेबाची बोलणी नको होती. त्याला झुंजारच हवा होता. घोटे हा परवडणाऱ्या अंतरावरून वाचायचा माणूस.

अखेर १९७४मध्ये एअर इंडियाने तिकीट देऊ केलं आणि कीटिंगनी मुंबई पाहिली. मग १९७६मध्ये ‘फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे’ आली. सुपरस्टार धरतीराजच्या अंगावर स्टुडिओतला अवजड दिवा कोसळतो. स्टुडिओचं नाव टॉकिस्तान. आपल्याला लगेच गोरेगावचं फिल्मिस्तान आणि अंधेरी पूर्वेचं कमालिस्तान आठवतं. आत शूटिंग चाललंय ते मॅकबेथच्या हिंदी अवताराचं, आणि त्या सिनेमाचं नाव ‘खून का गद्दी’. ‘की’ हवं होतं हो! पण मुंबईकरांच्या हिंदीत लिंगाची काय अवस्था असते हे ठाऊक असल्यावर, या चुकीला चूक म्हणायला जीभ रेटत नाही.

१९८८मध्ये ‘द परफेक्ट मर्डर’वर सिनेमा निघाला. दिग्दर्शक झफर हाय, घोटे झाले नसीरुद्दीन शाह. सगळ्यांत सुखाचा योग हा असावा, कारण नसीर यांना खांदे पाडून उभं राहता येतं.

घोटेला बढती मिळालीच नाही. १९६४ला इन्स्पेक्टर, २०००च्या ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’मध्येही इन्स्पेक्टरच. तिथे मालिका थांबवायची, असं कीटिंगनी ठरवलं होतं. पण गडी सुटेना. २००८मध्ये, वयाच्या ब्याऐंशीच्या घरात, त्यांनी पुन्हा त्याच्यावर लिहिलं ते मागे जाऊन: नुकताच इन्स्पेक्टर झालेला घोटे, प्रोतिमाला दिवस गेलेले, आणि साहेबांचं फर्मान की ताबडतोब महाबळेश्वरला निघा. २०११मध्ये कीटिंग गेले.

पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊ, सुहास शिरवळकरांकडे.