डोलकाठीचा जीव छोट्याशा पिनेत!

परभणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. शिडाची बोट आपल्यापैकी बहुतेकांनी बघितली ती मोबाइलवरच. पण तिची डोलकाठी उभी कशी राहते, हे कळायला शेताच्या बांधापर्यंत गेलं तरी पुरे. विजेच्या कडेच्या खांबाला तारेचा ताण दिलेला असतो ना, तसंच. डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी तारांचे ताण असतात. त्यातला एक जरी तुटला तरी काठी कोसळू शकते.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. बोट बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. वाटेत थांबे फक्त चार : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन. मधल्या प्रवासात मेकॅनिक कुठून आणणार? कॅप्टन, आचारी, मिस्त्री सगळं एकच माणूस!

म्हणूनच जुन्या बोटीची तपासणी किनाऱ्यावरच करायची. तारा स्टेनलेस स्टीलच्या, मग गंज कसा? तर या स्टीलवरचा संरक्षक थर टिकायला हवा लागते. टेपखाली किंवा तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या तोंडात खारं पाणी अडकलं, की आतल्या आत धातू खराब होतो. वरून मात्र सगळं चकाचक. त्यामुळे आधी टेप काढायची. तारेवरून फडकं फिरवायचं. ते अडकलं, तर एखादी बारीक तार तुटलेली आहे. टोकाच्या फिटिंगवर भिंगातून तडे शोधायचे. ताण कमी-जास्त करणारे स्क्रू साफ करून वंगण द्यायचं. आणि पिना बघायच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पिनेत छोटी क्लिप असते, तीच गोष्ट इथे. वाकलेली, झिजलेली क्लिप पुन्हा वापरायची नाही.

तुटलेल्या तारेवर जुगाड चालत नाही. ती पूर्ण बदलायची. तार चांगली दिसत असली तरी साधारण दहा वर्षांनी बदलावी, असा दर्यावर्दींचा ढोबळ नियम आहे.

एवढं करूनही समुद्र ऐकेलच असं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी फ्रेंच बोटीने त्यांना वाचवलं. तिथे दोष वादळाचा होता. पण म्हणून तपासणी सोडून कसं चालेल? वादळ काही आपल्या हातात नाही, क्लिप मात्र आहे. आणि ती बघायला भिंग, फडकं आणि तासभर वेळ एवढंच लागतं.