दीड वर्षाचं अंडं

पोरांनो, माशाची अंडी म्हटलं की तुम्हांला गाबोळी आठवते, हो ना? बारीक बारीक दाणे, मोजता न येणारे. पण एका माशाचं एकच अंडं वितीहून लांब असतं. त्याचं नाव फ्लॅपर स्केट. आपल्या कोकणातल्या पाकटाचा हा लांबचा भाऊबंद. पाकट पिल्लं देतं, हा अंडी घालतो. राहतो स्कॉटलंडच्या थंड समुद्रात, तळाशी अंग टेकून. मादी दोन मीटरहून लांब वाढते.

अंडं म्हणजे काळपट, चिवट पिशवी. चारही कोपऱ्यांना शिंगं. आई ती दगडांच्या सांदीत सोडते आणि निघून जाते. आत पिल्लू बलकावर वाढतं. पुढे पिशवीच्या कडेच्या फटी उघडतात आणि ते इवलंसं पिल्लू शेपूट हलवत ताजं पाणी आत खेळवू लागतं. जन्माआधीच स्वतःच्या श्वासाची सोय! शास्त्रज्ञांनी टाकीत सांभाळलेलं एक अंडं फुटायला ५३४ दिवस लागले.

इतकं सावकाश वाढणारं पिल्लू बाहेर येतं तेच मोठं, म्हणून पहिल्या दिवसापासून ट्रॉलच्या, म्हणजे तळावरून ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात अडकू शकतं. वयात यायला दहाहून जास्त वर्षं लागतात, तोवर किती वाचणार? एके काळी ब्रिटनभोवती सगळीकडे मिळणारा हा मासा बहुतेक किनाऱ्यांवरून नाहीसाच झाला. शेवटी २००९ मध्ये युरोपीय संघाने तो बंदरात उतरवायला बंदी घातली.

मला कौतुक वाटतं ते स्कॉटलंडच्या ओबन गावच्या गळवाल्यांचं. पूर्वी हौशी लोक हा मासा धक्क्यावर टांगून वजन करायचे. आता नावेवर घेतात, पाठीवरच्या ठिपक्यांचा फोटो काढतात आणि पाण्यात सोडतात. प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी, त्यामुळे तोच मासा काही वर्षांनी पुन्हा गळाला लागला तर ओळखू येतो.

स्कॉटलंडच्याच स्काय बेटाजवळ तर पाण्यात बुडी मारून शिंपले काढणाऱ्यांना ही अंडी दिसली. त्यांनी ती गोष्ट लपवली नाही, कळवली. मग २०२१ मध्ये सरकारने तातडीने तो तळ राखीव केला आणि २०२३ मध्ये कायमचा. आता हिशोब करा. २०२१ मध्ये तिथे घातलेल्या अंड्यातलं पिल्लू बाहेर आलं २०२२ च्या सुमारास. तुमच्यातली सगळ्यात धाकटी शाळा संपवेल, तेव्हाही त्याला अंडी घालायला कदाचित थोडा अवकाशच असेल.