उचल : आधी पैसे, मग काम

(द्वितीय वर्ष, कला)

मजुरी म्हणजे केलेल्या श्रमाचा मोबदला, अशी व्याख्या अर्थशास्त्राच्या तासाला आपण लिहून घेतो. आधी श्रम, मग मोबदला. पण बीड जिल्ह्यातील ज्या गावाहून मी या महाविद्यालयात आले, तेथे हा क्रम उलटा आहे. पैसे पावसाळ्यात मिळतात आणि काम दिवाळीच्या सुमारास सुरू होते. या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. ऊसतोडीची ही पद्धत अडाणीपणातून चालत आली, असे शहरात पुष्कळांना वाटते. तसे नाही. ती अत्यंत हिशेबी पद्धत आहे.

प्रथम कारखान्याची अडचण पाहू. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. म्हणून गाळप चालू असेपर्यंत हजारो माणसे फडात रोज हजर हवीत. नंतर त्यांची गरज नाही. कायम नोकर ठेवले तर सहा महिने बसून पगार द्यावा लागेल. रोजंदारीवर बोलावले तर ऐन हंगामात माणूस चांगल्या दराच्या कामावर निघून जाईल. उचल हा यावरचा तोडगा होय. पेरणी, लग्नाचे देणे, मुलांच्या फिया सगळे एकदम अंगावर येते, तेव्हा मुकादम रक्कम हातावर ठेवतो. तिला व्याज नाही, असे म्हणतात. पण ती घेतलेला माणूस हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही, दरासाठी अडून बसू शकत नाही. व्याज ते हेच!

कोण कामाचा आणि कोण पैसे बुडवील, हे कारखान्याला ठाऊक नसते, मुकादमाला असते. तो टोळी जमवतो व कमिशन घेतो. कोणी पळाला तर तोटा त्याच्या माथी, म्हणून तो कडक वागतो. (उचल वाटून मुकादमच बुडाल्याची उदाहरणेही आमच्या भागात आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे.)

देखरेखीचा खर्च मात्र जवळजवळ नाही, कारण मजुरी टनावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. आता गणित करू. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर एक लाखाची उचल फिटायला सुमारे २७३ टन, म्हणजे १३७ दिवस लागतात. तेही एक दिवस न चुकता. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ पासून सुरू झाला. तेथून मार्चअखेरपर्यंत मोजले तर १३७ दिवसच भरतात, आणि बहुतेक कारखाने त्याआधीच बंद झाले. राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. तोपर्यंत आठवड्याचा बाजार भागतो तो वाढे विकून, नाहीतर आणखी खर्ची उचलून.

एक दिवस काम चुकले तर त्याला खाडा म्हणतात. त्या दिवसाची कमाई जातेच, वर दंडही बसतो. बाईच्या दुखण्याची या हिशेबात सोय नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. याला खाडा हे एकच कारण नव्हे, खासगी दवाखान्यांचाही त्यात हात आहे. पण मजुरी बुडण्याची भीती बायकांनी स्वतःच बोलून दाखवली होती.

आणि इतके करून कोयत्याचे खाते पुरुषाच्या नावावर असते. माझी आई अकरा हंगाम तोडीला गेली. मुकादमाच्या वहीत तिचे नाव एकदाही आले नाही. दरवाढीवर दर तीन-चार वर्षांनी संप होतात, बैठका होतात. दोघांची मजुरी दोघांच्या नावे वेगळी लिहायला मात्र टनामागे एक पैसाही जास्त लागत नाही.