जीवाणू आणि न्यायासन : डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती यांचे कार्य

इ. स. १९७२ च्या जून महिन्याच्या ७ तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेटंट कचेरीत एक अर्ज दाखल झाला. यंत्रांविषयीचे व रसायनांविषयीचे अर्ज अशा कचेरीत नित्य येतच असतात. परंतु या अर्जात ज्यांवर हक्क मागितला होता, त्यांपैकी एक वस्तू जिवंत होती. ती वस्तू म्हणजे एक जीवाणू, आणि तो सिद्ध करणारे शास्त्रज्ञ होते डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती. सजीवाचे पेटंट घेता येईल काय, हा प्रश्न या अर्जाने उपस्थित केला आणि त्याचे उत्तर मिळण्यास आठ वर्षे लागली.

पेटंट म्हणजे शासन आणि संशोधक यांच्यामधील एक प्रकारचा करारच होय. संशोधकाने आपल्या शोधाची संपूर्ण कृती लोकांपुढे उघड करावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने त्यास ठरावीक वर्षांपुरता एकाधिकार द्यावयाचा. मुदत संपली की तो शोध सर्वांचा होतो. मात्र निसर्गात आधीपासून असलेल्या वस्तूवर असा अधिकार मिळत नाही. रानात कोणास अपरिचित वनस्पती आढळली, तर ती प्रथम पाहिल्याचे श्रेय त्याचे, स्वामित्व नव्हे. शोधून काढणे आणि घडविणे यांतील हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाही.

शिक्षण व पूर्वतयारी

चक्रवर्ती यांचा जन्म ४ एप्रिल १९३८ रोजी बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात सैंथिया या गावी झाला. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी १९६५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्रा. गन्सालस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे स्यूडोमोनास या वर्गातील जीवाणूंचा अभ्यास चालू होता. माती आणि पाणी यांत सर्वत्र आढळणाऱ्या या जीवाणूंची पचनशक्ती विलक्षण असते. देव्हाऱ्यातील कापूर किंवा कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्यांतील नॅप्थॅलीन यांवरही त्यांच्यापैकी काही जाती निर्वाह करू शकतात.

हे सामर्थ्य कोठून येते? जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज आनुवंशिक द्रव्याची लहान लहान वलयेही असू शकतात. त्यांना प्लास्मिड असे नाव आहे. अशी चमत्कारिक अन्ने पचविण्याची विद्या पुष्कळदा या वलयांत साठविलेली असते, आणि एक जीवाणू दुसऱ्याला आपले वलय देऊ शकतो. या गोष्टीचे महत्त्व चक्रवर्ती यांनी ओळखले. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन केंद्रात ते रुजू झाले, आणि तेथे या ज्ञानाचा उपयोग त्यांनी खनिज तेलाच्या प्रश्नाकडे वळविला.

एका कारागिराच्या हाती चार हत्यारे

समुद्रात तेलाचे जहाज फुटले की तेलाचा तवंग दूरवर पसरतो आणि मासे, पक्षी यांचा नाश होतो. खनिज तेल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. निसर्गातील एक जीवाणू त्यांपैकी एखादाच घटक पचवितो. जुन्या गावगाड्यात ज्याप्रमाणे सुताराचे काम सुतारानेच व लोहाराचे लोहारानेच करावे, तसाच हा प्रकार होय. निरनिराळ्या जाती एकत्र सोडल्या, तर त्या परस्परांशी स्पर्धा करू लागतात आणि त्यांपैकी काही मागे पडतात. म्हणून या सर्व कारागिरांची हत्यारे एकाच्याच हाती द्यावीत, असा विचार चक्रवर्ती यांनी केला.

निरनिराळी प्लास्मिडे त्यांनी एकाच जीवाणूत आणली. त्यांपैकी दोन वलये एका पेशीत सुखाने नांदत नव्हती. तेव्हा अतिनील किरणांचा मारा करून त्यांनी ती परस्परांशी जोडून घेतली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जनुके कापून सांधण्याचे तंत्र १९७३ च्या सुमारास प्रचारात आले. चक्रवर्ती यांचे काम त्यापूर्वीचे आहे. जीवाणूंमध्ये निसर्गतः चालणाऱ्या देवाणघेवाणीचाच त्यांनी कौशल्याने उपयोग केला. परंतु सिद्ध झालेला जीवाणू मात्र निसर्गात कोठेही नव्हता.

न्यायालयातील वाद

अर्जात तीन प्रकारच्या मागण्या होत्या : जीवाणू तयार करण्याची कृती, पाण्यावर तरंगणाऱ्या पेंढ्यासारख्या वाहकासह त्याचे मिश्रण, आणि स्वतः तो जीवाणू. पहिल्या दोन मागण्या परीक्षकाने मान्य केल्या, तिसरी नाकारली. जीवाणू ही निसर्गाची निर्मिती असून शिवाय ती सजीव आहे, अशी दोन कारणे त्याने दिली. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

सरकारपक्षाचे म्हणणे दुर्बल नव्हते. वनस्पतींना संरक्षण देण्यासाठी १९३० व १९७० मध्ये अमेरिकेच्या विधिमंडळास स्वतंत्र कायदे करावे लागले. यावरून सामान्य पेटंट कायद्यात सजीवांचा समावेश नाही असेच दिसते, असा त्याचा युक्तिवाद होता. जैविक प्रयोगांपासून मानवजातीस धोका संभवतो, अशी भीतीही न्यायालयापुढे मांडण्यात आली. दुसऱ्या बाजूस, १८७३ मध्ये लुई पाश्चर यांना रोगजंतुरहित किण्वाचे पेटंट याच देशात मिळाले होते, हेही खरे.

१६ जून १९८० रोजी निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी पाच चक्रवर्ती यांच्या बाजूने होते, चार विरुद्ध. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. खरा भेद सजीव आणि निर्जीव यांतील नसून निसर्गनिर्मित आणि मानवनिर्मित यांतील आहे, हे त्याचे सार होय. धोक्यांचा विचार विधिमंडळाने करावा, ते न्यायालयाचे काम नव्हे, असेही त्यात म्हटले होते. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या विरोधी मतानुसार, हक्काची कक्षा सजीवापर्यंत वाढवावयाची असेल, तर तीदेखील विधिमंडळानेच वाढविली पाहिजे.

निकालाचे फलित

३१ मार्च १९८१ रोजी पेटंट मंजूर झाले. त्याचे स्वामित्व चक्रवर्ती यांच्याकडे नव्हे, कंपनीकडे होते. ते स्वतः १९७९ मध्येच शिकागो येथे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले होते. ज्याच्यासाठी एवढा वाद झाला, तो जीवाणू तेलाचा तवंग नष्ट करण्यासाठी उघड्या समुद्रावर कधीच वापरला गेला नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर जहाजातून तेल सांडले, तेव्हा खते टाकून तेथील नैसर्गिक जीवाणूंचीच वाढ करण्यात आली. मात्र निकालाचा परिणाम दूरगामी झाला. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगात भांडवल येऊ लागले आणि १९८८ मध्ये प्रयोगशाळेत घडविलेल्या एका उंदराचेही पेटंट देण्यात आले. पुढे १३ जून २०१३ रोजी याच न्यायालयाने, मानवी शरीरातील नैसर्गिक जनुक केवळ वेगळे काढल्याने शोध ठरत नाही, असा एकमताने निर्णय दिला. १९८० मध्ये आखलेली रेषा अशा रीतीने दुसऱ्या बाजूनेही पक्की झाली.

उत्तरायुष्य आणि आपला देश

शिकागो येथे चक्रवर्ती रोगकारक स्यूडोमोनासकडे वळले. या जीवाणूच्या अझुरिन नामक प्रथिनाचा २८ अमिनो आम्लांचा एक तुकडा कर्कपेशींत शिरतो, असे त्यांच्या गटास आढळले. त्याची मनुष्यावरील पहिली चाचणी १५ रुग्णांवर झाली. तिचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे औषध रुग्णांना सुरक्षितपणे देता येते असे दिसून आले. तथापि अशा प्रारंभिक चाचणीवरून गुणाविषयी निर्णय करता येत नाही. न्यायाधीशांना जनुकशास्त्र समजावून देण्याचे कार्यही ते करीत असत. भारत सरकारने २००७ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. १० जुलै २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या कलकत्ता नगरीत ते शिकले, तेथील उच्च न्यायालयापुढे २००२ मध्ये हाच प्रश्न आला. कोंबड्यांच्या रोगावरील लशीत जिवंत विषाणू असतो, एवढ्याच कारणाने तिच्या कृतीचे पेटंट नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. आपल्या कायद्यात वनस्पती व प्राणी पेटंटला अपात्र आहेत. सूक्ष्मजीवांना मात्र त्या बंदीतून वगळले आहे. निसर्गात सापडलेला सजीव केवळ शोधून काढला म्हणून पेटंट मिळत नाही. सूक्ष्मजीवाचे नुसते वर्णनही पुरत नाही. त्याचा जिवंत नमुना मान्य संग्रहालयात ठेवावा लागतो. चंडीगड व पुणे येथे अशी संग्रहालये आहेत.

आता हाच वाद अतिसूक्ष्म कणांच्या औषधांपर्यंत आला आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. जुनेच औषध एवढ्या बारीक कणांत आणले, तर ते नवे म्हणावयाचे काय? आपल्या कायद्यातील २००५ ची तरतूद सांगते की, केवळ कणांचा आकार बदलणे पुरेसे नाही. गुणकारिता लक्षणीय वाढली पाहिजे. महागड्या औषधाची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा शब्दच्छल नव्हे. एकाधिकार कोणास व किती द्यावा, यावर त्याच्या औषधाची किंमत अवलंबून असते. निसर्गाचे किती आणि मनुष्याचे किती, हा सैंथियाच्या शास्त्रज्ञाने विचारण्यास भाग पाडलेला प्रश्न प्रत्येक नव्या तंत्राबरोबर पुन्हा विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर देण्यास विज्ञान व कायदा या दोहोंचीही जाण असलेले नागरिक लागतात.