मार्चचा पाऊस आणि काळा कडबा

मार्चमधला अवकाळी पाऊस शहरात स्टोरीला भारी वाटतो. पण सोलापूर, मराठवाड्याकडे नेमकी तेव्हाच शाळू ज्वारी काढून रानात पडलेली असते. कणीस भिजलं की दाण्याला बुरशी लागते, दाणा काळा पडतो, भाव उतरतो. हे आपण ऐकतो. कडब्याचं मात्र कुणी बोलत नाही! भिजलेला कडबा काळा पडून कुजतो, जनावरं तोंड लावत नाहीत. माळावरचं गवत तोवर वाळून संपत आलेलं. नवं उगवणार थेट जूनच्या पावसानंतर. म्हणजे मधले तीन महिने गोठ्याची भिस्त याच कडब्यावर. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते? उभी ज्वारी आडवी झाली होती. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोनच वाटा: महाग चारा विकत घ्या, नाहीतर बैल बाजारात न्या.