औषधांचे बिल आणि उत्पन्नाचा दाखला

रुग्णाला शहरातील मोठ्या रुग्णालयात पाठवण्यासाठी मी चिठ्ठी लिहायला घेतली की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, खर्च किती येईल?" ऑपरेशनचा आकडा ढोबळमानाने सांगता येतो, औषधांचा सांगता येत नाही. आणि अनेक घरांचे कंबरडे मोडते ते याच बिलाने. म्हणून आज रोगाविषयी न लिहिता एका सवलतीविषयी लिहितो.

आपल्या राज्यात अनेक खासगी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. त्यांना धर्मादाय रुग्णालये म्हणतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली त्यांच्यावर गरिबांच्या उपचाराची जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून त्यासाठी एक योजना लागू झाली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. म्हणजे शंभर खाटांच्या रुग्णालयात अशा वीस खाटा झाल्या. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने वेगळ्या निधीत जमा करायची आणि गरिबांचा खर्च त्यातून भागवायचा, अशी ही व्यवस्था आहे.

पात्र कोण? कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, आणि त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक. (२००६ साली या मर्यादा २५ हजार आणि ५० हजार होत्या. शासन त्या वेळोवेळी वाढवते.)

आता औषधांचे पाहू. योजनेत स्पष्ट म्हटले आहे की अशा रुग्णाला औषधे, सलाईन-सुया यांसारखे साहित्य आणि शरीरात बसवायचे रॉड, प्लेट हे सारे रुग्णालयाच्या खरेदीच्या किमतीनेच लावायचे, छापील किमतीने नव्हे. समजा, छापील किमतीने औषधे २० हजारांची झाली, पण रुग्णालयाला ती १२ हजारांना पडली. तर हिशेब १२ हजारांचाच होतो. निर्धन रुग्णाला त्यातले काही द्यावे लागत नाही. दुर्बल घटकातील रुग्णाने निदान निम्मे, म्हणजे ६ हजार भरायचे असतात.

मग लोकांना ही सवलत का मिळत नाही? बहुधा कागद वेळेवर पोहोचत नाही म्हणून. माझ्याकडच्या एका शेतमजुराच्या पत्नीचे मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन धर्मादाय रुग्णालयात झाले. पिवळी शिधापत्रिका घरी पेटीत होती. चौथ्या दिवशी मुलगा ती घेऊन गेला, तोवर दोन शेळ्या विकून बाहेरच्या दुकानातून औषधे आणून झाली होती. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आधी का नाही सांगितलंत?" बाहेरून आणलेली औषधे रुग्णालयाच्या बिलात येतच नाहीत, मग सवलत लावणार कशावर?

यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) रुग्णालय धर्मादाय आहे का, हे दाखल होतानाच विचारावे.

२) तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका आणि ओळखपत्र यांच्या प्रती पहिल्याच दिवशी तेथील समाजसेवकाकडे द्याव्यात. कागदांची तपासणी तेच करतात. अर्ज लेखी करावा व एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

३) औषधे बाहेरून आणायला सांगितली, तर ती रुग्णालयातून देऊन बिलात लावता येतील का, असे नम्रपणे विचारावे.

४) घरी सोडताना बिल नीट पाहावे. औषधांना कोणता दर लावला, हे विचारण्यात गैर काही नाही.

५) खाट शिल्लक नाही किंवा निधी संपला असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागावे. दाद धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात मागता येते.

एक गोष्ट विसरू नका. तातडीच्या वेळी कागदांसाठी रुग्णाला घरी थांबवू नये. अशा रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे, जीव वाचवणारे उपचार करावेत आणि अनामत रक्कम मागू नये, असे योजनेतच सांगितले आहे. कागद मागाहून, पण लवकर न्यावेत.

काही वाचकांना सवलत मागणे कमीपणाचे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. या रुग्णालयांना धर्मादाय म्हणून करात सूट मिळते, त्या बदल्यात ही जबाबदारी आहे. मात्र ज्याची ऐपत आहे त्याने खोटा दाखला काढू नये. तो अडवतो ती खाट कुणा गरजूची असते.

घरात सारे धडधाकट असतानाच उत्पन्नाचा दाखला काढावा, त्याची मुदत पाहावी आणि तो शिधापत्रिकेसोबत ठेवावा. आजारपण आले की तहसील कचेरीत खेटे घालायला वेळ कुणाजवळ असतो?