ठेकेदार पळाला, तरी भरपाई पळत नाही

हक्काचा हिशेब : भाग ७

बांधकामावर कुणी पडले की तासाभरात दोन वाक्ये हमखास कानावर येतात. मुकादम म्हणतो, "त्यानंच पट्टा लावला नव्हता." बिल्डरचा माणूस म्हणतो, "तो आमच्या हजेरीवर नाही, ठेकेदाराचा आहे." जखमीच्या घरच्यांना दोन्ही पटतात. मग ठेकेदार खिशातून चाळीस-पन्नास हजार काढतो, एका कागदावर अंगठा घेतो आणि कुटुंब गावी परतते. मागच्या भागात आपण आठवड्याची खर्ची आणि थकलेली मजुरी यांचा हिशेब पाहिला. आज अपघाताचा पाहू. वरच्या दोन्ही वाक्यांना कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे, आणि ते कामगाराच्या बाजूचे आहे.

चूक कुणाची, हा प्रश्न नंतरचा

हे उत्तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आहे. २०१० पासून त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेतील भरपाईच्या प्रकरणाने घेतली. त्या तारखेच्या आधीचे अपघात जुन्या कायद्याखाली चालतात. नंतरच्या अपघातांना संहिता लागू होते, पण मूळ साचा तोच आहे.

तो साचा असा : कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे सिद्ध झाले की मालक देणे लागतो. मालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. कामगार दारूच्या अंमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकले, असे बचाव मालकाला घेता येतात. मात्र ते त्यालाच सिद्ध करावे लागतात. शिवाय मृत्यू झाला असेल किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे बचाव चालतच नाहीत. म्हणजे पट्ट्याचा मुद्दा दरवेळी पुढे केला जातो, पण सगळ्यात गंभीर अपघातांत त्याला काही किंमत नाही. आणि जिथे पट्टा दिलाच नव्हता, तिथे तो लावला नाही असे म्हणण्यात काय अर्थ?

"आमचा माणूस नाही"

बिल्डर काम मुख्य कंत्राटदाराला देतो, तो सेंट्रिंगवाल्याला, तो पेटी ठेकेदाराला आणि शेवटी मुकादम नाक्यावरून माणसे उचलतो. अपघात झाला की ही साखळी खालून तुटते. आधी मुकादमाचा फोन बंद होतो, मग पेटी ठेकेदाराचा. कायदा म्हणतो की आपल्या धंद्याचे काम दुसऱ्याकडून करून घेणारा मुख्य मालकही भरपाईला जबाबदार आहे. त्याने आधी कामगाराला द्यावे आणि मग हवे तर ठेकेदाराकडून वसूल करावे. म्हणून दाव्यात बिल्डर, कंत्राटदार आणि विमा असल्यास विमा कंपनी या सगळ्यांची नावे घालायची असतात. विम्याची चौकशी साइटवर "लेबर पॉलिसी" किंवा "डब्ल्यूसी पॉलिसी" म्हणून करावी.

इथे एक फरक लक्षात ठेवा. राहण्यासाठी स्वतःचे घर बांधणारा सामान्य माणूस धंदा म्हणून बांधत नाही, त्यामुळे तिथे जबाबदारी प्रामुख्याने ठेकेदाराचीच राहते.

नाक्यावरचा रोजंदारी मजूरही यात येतो. तात्पुरत्या, प्रासंगिक कामगाराला वगळणारी तरतूद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकली. काल कामावर आला आणि आज पडला, तरी हक्क पूर्ण आहे.

रकमेचा हिशेब

समजा, ३५ वर्षांचा गवंडी आहे. रोज ७०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १८,२०० रुपये. पण केंद्राच्या जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. वयानुसार एक गुणक ठरलेला आहे. ३५ व्या वर्षासाठी तो १९७.०६ आहे, आणि वय जितके कमी तितका गुणक मोठा.

मृत्यू झाल्यास निम्मी मजुरी गुणिले गुणक : ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये.

कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मजुरीचे ६० टक्के गुणिले गुणक : ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये.

अंगठा गेला, तर कायद्याच्या यादीत त्याची कमाईक्षमतेची हानी ३० टक्के धरली आहे. म्हणजे वरच्या रकमेचे ३० टक्के : ५,३२,०६२ रुपये.

हाड मोडून काही महिने घरी बसावे लागले, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. ही आकडेमोड हाताशी ठेवून मग ठेकेदाराच्या पन्नास हजारांकडे पाहावे.

टक्केवारीवरच खरी लढाई होते. डॉक्टर शरीराचे अपंगत्व मोजतो, कायदा मात्र कमाईची ताकद किती गेली ते विचारतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये हा फरक स्पष्ट केला. ओडिशातील एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, यादीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. न्यायालयाने म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ही हानी १०० टक्के. त्याच निकालाने हेही ठरवले की भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासून लागू होते, निकालाच्या दिवसापासून नाही. म्हणून पाठीचा मणका दुखावलेल्या बिगाऱ्याने डॉक्टरकडून नुसता टक्का घेऊ नये. "हा माणूस ओझे उचलू शकत नाही, परांचीवर चढू शकत नाही," असे लेखी घ्यावे.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर त्यावर व्याज चढते. जुन्या कायद्यात ते वर्षाला किमान १२ टक्के होते. टाळाटाळीला समर्थनीय कारण नसेल, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो.

मांडवलीचा कागद

"पैसे मिळाले, पुढे काही मागणार नाही," असा कागद करून कायद्याचा हक्क सोडता येत नाही. तसा करार रद्दबातल असतो. तडजोड करायची तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई अधिकाऱ्याकडे जमा करूनच द्यायची असते. मालकाने विधवेच्या हातावर परस्पर ठेवलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाही. तेव्हा कागदावर अंगठा उठला असला, तरी दावा संपलेला नाही.

सरकारी मदतीचेही तसेच. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर उचलणारे यंत्र कोसळून २० जण गेले. राज्याकडून प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. ती मदत होती; मालकाकडून मिळणारी भरपाई वेगळी. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल, तर कामावरील अपघाती मृत्यूला कुटुंबाला मंडळाचे ५ लाख आणखी मिळतात. हे पैसे बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते, पण ती अपघाताच्या आधी हवी.

अपवाद राज्य कामगार विम्याचा. कामगाराची ईएसआय कपात होत असेल, तर भरपाई मालकाकडून नव्हे, त्या योजनेतून मिळते. त्यात तात्पुरत्या अपंगत्वात रोजच्या मजुरीच्या सुमारे ९० टक्के मिळतात.

पहिले दोन दिवस

दावे बुडतात ते बहुधा कायद्यामुळे नाही, कागदामुळे. दवाखान्यात सोबत आलेला ठेकेदाराचा माणूस सांगतो, "घरी जिन्यावरून पडला." तेच केसपेपरवर उतरते आणि पुढे वर्षभर छळते. म्हणून डॉक्टरला पहिल्याच वेळी सांगा : अमुक साइटवर, अमुक मजल्यावरून, काम करताना पडला. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करायला लावा. पोलिसांत खबर द्या, पंचनाम्याची प्रत मागा.

साइटच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर बिल्डरचे नाव आणि महारेरा क्रमांक असतो, सरकारी कामावर कंत्राटदाराचे नाव असते. परांचीचा, सुट्या फळ्यांचा, नसलेल्या जाळीचा फोटो दुसऱ्या दिवशी मिळत नाही, कारण रातोरात सगळे नीट केले जाते. हजेरीची वही, मोबाइलवर आलेली मजुरी, मुकादमाचे निरोप जपून ठेवा. सोबत्यांचे नुसते फोन नंबर पुरत नाहीत, गावचे पत्तेही घ्या. महिन्याभरात टोळी दुसऱ्या शहरात गेलेली असते.

दाव्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. पुण्यात पडलेल्या नांदेडच्या किंवा बिहारच्या कामगाराला तारखांसाठी पुण्यात राहावे लागत नाही. कुटुंब जिथे राहते त्या भागातही दावा लावता येतो. महाराष्ट्रात ही प्रकरणे प्रामुख्याने कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून चालवत आले आहेत.

वकिलाची फी हा शेवटचा अडसर. "मिळेल त्यातले तीस टक्के माझे," असे सांगणारे दलाल दवाखान्याच्या दारातच भेटतात. वकिलाने निकालाच्या रकमेत वाटा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील दिला आहे. म्हणजे अपघातात पाय गेलेला कामगार आणि मृत कामगाराची बायको दोघेही यात बसतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि तालुक्याला समिती आहे. देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे.

पुढच्या आठवड्यात कल्याणकारी मंडळाची नोंदणी आणि ९० दिवसांचा दाखला कसा मिळवायचा ते पाहू. तोवर एवढे करा : तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी बांधकामावर जात असेल तर १५१०० हा क्रमांक त्याच्याच नव्हे, त्याच्या घरच्यांच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. अपघातानंतर फोन त्यांनाच करावा लागतो.